तलावाकडे निघण्याआधी परतीची वेळ ठरवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की हिमालयातल्या उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत एक प्रकार विशेष ठळकपणे दिसतो. मनालीसारख्या ठिकाणी हॉटेलात मुक्काम करायचा, तंबू किंवा जड सॅक न घेता सकाळी लवकर निघायचे, गटाने चालत एखाद्या पहाडी तलावापर्यंत जायचे आणि संध्याकाळच्या चहाला हॉटेलवर परतायचे, असा तो बेत असतो. या सहलींना पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतून मोठा प्रतिसाद मिळतो. त्यांत महाविद्यालयीन मुले असतात, भिशीचे महिला मंडळ असते, निवृत्त दांपत्ये असतात आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन निघालेले आईवडीलही असतात. मी अनेक वर्षे गटांबरोबर सह्याद्रीत आणि उन्हाळ्यात हिमालयात चालत आले आहे. त्या अनुभवावरून या सहलींविषयी एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अशा प्रत्येक सहलीचे पैसे घेण्यापूर्वी संयोजकाने दोन गोष्टी लेखी कळवाव्यात. तलावाच्या दिवसाआधी गट किती रात्री आणि कोणत्या उंचीवर काढणार, ही पहिली गोष्ट. आणि तलाव दिसो वा न दिसो, किती वाजता सगळा गट मागे फिरणार, ही दुसरी.

या पदभ्रमणांना माझा विरोध आहे, असा समज कृपया होऊ नये. उन्हाने तापलेल्या मे महिन्यात देवदारांच्या सावलीतून वर चढत जाणे, झाडी संपल्यावर हिमाचलात ज्याला 'थाच' आणि उत्तराखंडात 'बुग्याल' म्हणतात त्या गवताळ माळावर येणे आणि शेवटी बर्फाच्या काठाने लागलेले निळे पाणी पाहणे हा आनंद ज्याला लाभला, त्याला तो पुन्हा पुन्हा हवासा वाटतो. डोंगरावर मुक्काम न करता त्याच दिवशी खाली येण्याचे फायदेही आहेत. वर शौचाची घाण होत नाही, तंबूंसाठी चर खणले जात नाहीत, चुलीसाठी झुडपे तोडली जात नाहीत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि तेथे दिवसाला दोनशेपेक्षा अधिक माणसे जाऊ नयेत असे सांगितले, ते याच कारणांनी. एकदिवसीय फेरीचा आग्रह धरणारा माणूस म्हणूनच मुळात चुकीचा नाही. मात्र ती फेरी कोणत्या उंचीवरची आहे आणि गावाहून निघाल्यावर कितव्या दिवशी आहे, याचा विचार जाहिरातीत कुठेच दिसत नाही.

भृगू तलावाचेच उदाहरण घेऊ. तो मनालीच्या उत्तरेला सुमारे ४,२५० मीटर, म्हणजे चौदा हजार फुटांच्या आसपास आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे मनालीच्या बाजारात उभा असलेला पर्यटक महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा चारशे मीटर वर उभा असतो. तेथून गाडी रोहतांग खिंडीच्या रस्त्याने गुलाबा नावाच्या ठिकाणापर्यंत, दहा हजार फुटांच्या आसपास, नेऊन सोडते आणि पुढचा सुमारे हजार मीटरचा चढ पायी करायचा असतो. तलावाच्या काठावर हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या साधारण साठ टक्के उरतो. श्वास तेवढाच घेतला तरी शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. ठाण्याहून किंवा साताऱ्याहून निघालेला माणूस रेल्वेने दिल्लीला किंवा चंदीगडला पोहोचतो, रात्रभर वळणावळणाच्या रस्त्याने बसमध्ये बसून सकाळी मनालीला उतरतो, दुपारी बाजारात फिरतो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तलावाकडे निघतो. झोप झालेली नसते, पाणी कमी प्यायलेले असते आणि शरीराला नव्या हवेची सवय व्हायला एकच रात्र मिळालेली असते.

उंचीवर राहण्याबाबतचे वैद्यकीय नियम आता सर्वमान्य आहेत. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. या नियमात झोपण्याच्या उंचीला महत्त्व आहे, आणि एकदिवसीय फेरीत माणूस रात्री खाली येऊन झोपतो, ही तिची जमेची बाजू आहे. विरळ हवेचा त्रास बहुधा वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत जाणवू लागतो. तोवर गट खाली आलेला असेल तर बहुतेकांना नुसत्या डोकेदुखीवर सुटका मिळते. परंतु ही सुटका गट वेळेत खाली आला तरच मिळते. जो गट तलावावर दुपारी तीनला पोहोचतो आणि अंधार पडेपर्यंत साडेतीन हजार मीटरच्या वर रेंगाळतो, त्याला तिचा लाभ होत नाही. परतीच्या वेळेचा माझा आग्रह येथूनच सुरू होतो.

आपल्याकडच्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. डोके दुखणे, मळमळणे, जेवणावरून मन उडणे आणि गळून जाणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत. आपण मात्र या सगळ्याला एका दमात 'पित्त' म्हणून मोकळे होतो. 'काल जागरण झालं ना, पित्त उसळलंय', 'गाडी लागली असेल', 'सकाळी नीट खाल्लं नाहीस म्हणून' असे म्हणत आल्याची वडी किंवा डोकेदुखीची गोळी हातावर ठेवली जाते आणि चाल पुढे सुरू राहते. खाली गावात हे निदान खरेही असेल. तीन हजार मीटरच्या वर मात्र असे प्रत्येक पित्त हा उंचीचा त्रास आहे असेच धरून चालावे आणि ते कमी होईपर्यंत त्या माणसाला एक पाऊलही वर चढू देऊ नये. तोल जाऊ लागला, सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालता येईना, बोलणे अडखळू लागले किंवा बसल्या जागीही धाप लागून खोकला सुरू झाला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊ लागल्याची ती खूण असते. मग वाट पाहण्यात वेळ घालवू नये, ताबडतोब खाली उतरवावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, रक्तातला प्राणवायू मोजणारे बोटाला लावायचे यंत्र आता सहलीतही असते आणि आकडा चांगला आला की 'तुम्हाला काही नाही' असे ठरवून टाकले जाते. थंड पडलेल्या बोटावर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, आणि आकडा बरा असूनही माणूस आजारी असू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या डायमॉक्ससारख्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. बसमध्ये प्रसादासारख्या वाटू नयेत.

उंचीइतकाच दुपारचा धोका मोठा आहे, आणि त्याविषयी फारच कमी बोलले जाते. मे-जूनमध्ये हिमालयात सकाळी आकाश निरभ्र असते; अकरा-बाराच्या सुमारास दऱ्यांतून ढग वर येऊ लागतात आणि दुपारी दोन-तीनला गारा, वीज, पाऊस किंवा चार हजार मीटरच्या वर थेट हिमवर्षाव होऊ शकतो. झाडीच्या वर आल्यावर विजेपासून आडोसा कुठेच नसतो. नाल्यांचेही तसेच आहे. सकाळी सातला जो नाला दगडावरून दगडावर पाय ठेवत, बूट न भिजवता ओलांडलेला असतो, तोच दुपारी तीनला गुडघाभर होऊन गढूळ पाण्याने खळाळत असतो, कारण दिवसभराच्या उन्हाने वरचे बर्फ वितळलेले असते. पाणी हाडे गोठवणारे, तळाचे दगड दिसत नाहीत आणि सकाळी ज्या दगडांवरून आलो ते पाण्याखाली गेलेले. सकाळी टणक असलेल्या बर्फाच्या उतारावर पायऱ्या कापून सहज जाता येते. दुपारी तेच बर्फ भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत रुततो, आणि नाल्यावरचा बर्फाचा पूल आतून पोकळ झालेला असतो. हे सगळे रोज घडते. ठरलेल्या वेळी मागे फिरलेला गट या प्रत्येक गोष्टीच्या आधी खाली पोहोचतो.

ठरलेल्या वेळी परत फिरणे शिखरापेक्षा तलावाच्या वाटेवर अधिक अवघड जाते, असे माझे निरीक्षण आहे. शिखर दुरून दिसते, अजून किती चढ उरला याचा अंदाज बांधता येतो. हिमनदीने कोरलेल्या खोलगट वाडग्यात साठलेला तलाव मात्र डोंगराच्या शेवटच्या धारेवर पाय ठेवेपर्यंत दिसत नाही. 'त्या धारेच्या पलीकडेच आहे' हे वाक्य एका धारेवर म्हटले जाते, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दमलेल्या माणसाला तेवढ्यानेच ओढ लागते आणि संयोजकालाही 'आता इथवर आलोच आहोत तर' असे वाटते. एकदा धार ओलांडून पाण्याशी उतरले की परतीची सुरुवात पुन्हा चढानेच होते, आणि सगळ्यात दमलेल्या माणसाचा कस तेथे लागतो. त्यातच मे महिन्यात मनालीहून रोहतांगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत दोन-दोन तास जातात. आठला चालू लागायचे ते दहाला सुरू होते. तरीही परतीची वेळ मूळ बेताप्रमाणे न धरता दोन तासांनी पुढे ढकलली जाते. ढग मात्र त्यांच्याच वेळेला येतात.

काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला भृगूच्या वाटेवर पाहिलेला एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. शेवटच्या मोठ्या चढाखाली साठीच्या एक बाई खडकाला टेकून एकट्या बसल्या होत्या. बोलण्यावरून महाराष्ट्रातल्या आहेत हे लगेच कळले. 'काही नाही हो, जरा पित्त झालंय. मीच म्हटलं सगळ्यांना, पुढे व्हा, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको. येतील की परत', असे त्या हसत सांगत होत्या. हसताना त्यांचे ओठ निळसर दिसत होते. जवळ अर्धी बाटली पाणी आणि राजगिऱ्याच्या चिक्कीचे एक पाकीट होते. जाड जॅकेट आणि पावसाचा पोंचो असलेली त्यांची सॅक गटाच्या हमालाच्या पाठीवर, त्यांच्या मागणीवरूनच, वर गेली होती. अंगात सुती कुर्ता आणि पातळ स्वेटर. बारा वाजून गेले होते आणि पश्चिमेकडून ढग भरून येत होते. आमच्याबरोबरच्या स्थानिक वाटाड्याने त्यांना आपले जॅकेट घातले, आमच्यातले दोघे त्यांना हाताला धरून सावकाश खाली घेऊन निघाले आणि दोन-तीनशे मीटर उतरल्यावर त्यांची डोकेदुखी उतरू लागली. गट वर आहे की परतीला लागला आहे, हे त्या दोघांना अडीच तास कळले नव्हते, कारण त्या गटात मागे चालणारा माणूसच नेमलेला नव्हता.

त्या बाईंचा किंवा त्या संयोजकाचा मला राग आलेला नाही. 'माझ्यामुळे खोळंबा नको' ही भावना आपल्या अंगात मुरलेली आहे. घरातल्या कर्त्या बायका ती आयुष्यभर जपतात आणि एरवी तिचे कौतुकच होते. डोंगरावर ती जीवघेणी ठरू शकते. आजारी माणूस त्रास लपवतो, कारण त्याला इतरांचे पैसे आणि आनंद बुडवायचा नसतो. संयोजक मागे फिरत नाही, कारण वीस जणांनी तलाव पाहण्यासाठी पैसे मोजलेले असतात आणि 'दाखवला नाही' अशी तक्रार उद्या सगळीकडे होणार असते. स्थानिक वाटाड्या 'मौसम खराब है' एवढे म्हणून गप्प बसतो, कारण त्याची मजुरी संयोजकाच्या हातात असते. तिघांनाही माहीत असते की फिरायला हवे, आणि तिघेही एकमेकांच्या संकोचात पुढे चालत राहतात. परतीची वेळ आधीच, घरी बसून, कागदावर ठरली असेल, तर हा संकोचच उरत नाही. अकरा वाजले की अकरा वाजले; कुणाला मोठेपणा किंवा कमीपणा घ्यावा लागत नाही, आणि ती वेळ मान्य करूनच पैसे भरलेले असल्यामुळे तक्रारीलाही जागा राहत नाही.

या नियमाचे एक चांगले रूप उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिबच्या वाटेवर पाहायला मिळते. चार हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या त्या सरोवराच्या काठी गुरुद्वारा आहे आणि यात्राकाळात हजारो भाविक सुमारे तीन हजार मीटरवरच्या घांघरियाहून चढून तेथे जातात. त्यांत वृद्ध असतात, आयुष्यात कधी डोंगर न चढलेले असतात. तेथे रात्री मुक्कामाला परवानगी नाही आणि दुपारी सगळ्यांना खाली उतरायला लावले जाते. कुणी कितीही दुरून आलेला असो, लंगरमधला चहा आणि खिचडी घेऊन, मत्था टेकून तो दुपारी परतीला लागतो. हा नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो, म्हणून त्यावर कुणी वाद घालत नाही. श्रद्धेच्या ठिकाणी जी शिस्त आपण निमूट मान्य करतो, ती पैसे भरून केलेल्या सहलीत मान्य करायला काय हरकत आहे?

वेळ आणि हवामान हातचे निसटले की काय होते, हे जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर साऱ्या देशाने पाहिले. उत्तराखंडातल्या उत्तरकाशीच्या डोंगरांत असलेल्या या तलावसमूहाकडे बावीस जणांचा गट गेला होता. त्यात बहुतेक कर्नाटकातले ट्रेकर होते, महाराष्ट्रातली एक व्यक्ती होती आणि तीन स्थानिक वाटाडे होते. तलावाकडून कॅम्पकडे परतताना हवामान बिघडले, वारा आणि बर्फाच्या माऱ्यात वाट सापडेना आणि गटाला उघड्यावर रात्र काढावी लागली. नऊ जण थंडीने गेले. तेरा जणांना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी सोडवले. ही मोहीम अनेक दिवसांची होती, गटातील अनेकांना डोंगरांचा अनुभव होता आणि सोबत स्थानिक माणसेही होती. त्या गटाला दोष देण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. जूनमध्ये, भर उन्हाळ्यात, तलावाहून कॅम्पपर्यंतच्या एका दिवसाच्या परतीत हे घडू शकते, एवढे तरी हॉटेलवरून सुती कपड्यांत निघणाऱ्या गटांनी ध्यानात घ्यावे.

सुती कपड्यांविषयी दोन वाक्ये लिहिते. सह्याद्रीत उन्हाळ्यात सुती कपडे घालावेत हा सल्ला योग्यच आहे आणि आम्हीही तो देत आलो आहोत. हिमालयात मात्र घामाने किंवा पावसाने भिजलेले सुती कापड अंगाची ऊब शोषून घेते आणि वाऱ्यात माणूस काही तासांत गारठतो. म्हणून तेथे आतून लवकर वाळणारे कापड, मधे लोकरीचे किंवा फ्लीसचे आणि वर पाऊस अडवणारे असे तीन थर प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर असावेत, हमालाच्या सॅकमध्ये नव्हे.

सगळ्यांनीच भृगूला जावे, असा हट्ट मुळात का असावा? पहिल्यांदाच हिमालयात येणाऱ्या मिश्र वयाच्या गटासाठी त्याहून कमी उंचीचे, तितकेच सुंदर तलाव आहेत. मंडी जिल्ह्यातला पराशर तलाव २,७३० मीटरवर आहे. काठावर लाकडी, तीन छतांचे जुने मंदिर आहे, पाण्यावर गवताचे एक तरंगते बेट आहे आणि बग्गी गावाकडून जंगलातल्या पायवाटेने चढून जाण्यात एक दिवस छान जातो. उत्तराखंडात उखीमठजवळच्या सारी गावातून देवरियाताल तीन किलोमीटरच्या आतला चढ आहे. तो सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि पहाटे लवकर गेले तर चौखंबा शिखराचे प्रतिबिंब त्याच्या पाण्यात दिसते. तेथे आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र जाऊ शकतात. मनालीतच राहायचे असेल तर पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा, दुसरा दिवस वशिष्ठहून जोगिनी धबधब्यापर्यंतच्या चालीचा, तिसरा अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळच्या धुंदीहून बियासकुंडाच्या दिशेने जमेल तेवढ्या अंतराचा, आणि या सगळ्यांत ज्यांना काहीच त्रास झाला नाही त्यांनीच त्यानंतर भृगूचा विचार करायचा, असा क्रम लावता येतो. युथ हॉस्टेलच्या मोहिमांमध्ये बेस कॅम्पवर सरावाचा दिवस ठेवण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी हिमालयाची पहिली ओळख त्या शिस्तीतून करून घेतली. हॉटेलवरून निघणाऱ्या सहलींनी ती शिस्त हॉटेलच्या भाड्यात वाढ होते म्हणून सोडून दिली आहे.

जाहिरातींतल्या छायाचित्रांविषयीही बोलायला हवे. निळे पाणी आणि हिरवे माळ दाखवणारी भृगूची छायाचित्रे बहुधा जुलै ते सप्टेंबरमधली असतात. मे महिन्यात तो तलाव बऱ्याचदा बर्फाखाली झाकलेला असतो. तेथे पोहोचलेला गट निराश होतो आणि मग कुणीतरी बर्फावरून तलावाच्या मध्यापर्यंत चालत जाऊन फोटो काढतो. उन्हाळ्यात कडेपासून सुटू लागलेल्या बर्फावर चालणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको. हे तलाव स्थानिक लोकांसाठी देवस्थाने आहेत, हे तर आपण विसरूनच जातो. पराशरच्या पाण्यात तेथील माणूस पाय घालत नाही. आपण तेथे पोहण्याचा, साबणाने तोंड धुण्याचा किंवा बिस्किटांची पाकिटे दगडाखाली दडपण्याचा अधिकार कुठून मिळवला?

आता मागणीकडे वळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि राज्यात असे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक केली. सह्याद्रीतल्या एकदिवसीय ट्रेकमध्ये त्यामुळे पुढे एक जाणता, मागे एक जाणता, प्रथमोपचाराची पेटी आणि सहभागींची यादी या गोष्टी हळूहळू अंगवळणी पडत आहेत. महाराष्ट्रात पैसे घेऊन लोकांना हिमालयात नेणाऱ्यांकडूनही त्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवावी. राज्यातल्या गिर्यारोहण संस्था आणि त्यांच्या महासंघाने आपल्या सदस्यांपुरता तरी हा नियम स्वीकारावा. तलावाची उंची, त्याआधीच्या मुक्कामांची उंची, परतीची वेळ, मागे चालणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव आणि कुणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण उतरेल, हे नोंदणी अर्जावरच छापलेले असावे. एका आजाऱ्याबरोबर एक जाणता माणूस खाली गेल्यावर उरलेल्या गटाला पुढे नेण्याइतकी माणसे नसतील, तर सगळ्यांनीच मागे फिरावे, हेही त्यात स्पष्ट लिहावे. स्थानिक वाटाड्याने 'परत' म्हटले की ते अखेरचे, आणि त्याची पूर्ण मजुरी त्या दिवशीही मिळेल, हे त्याला सगळ्यांसमोर सांगावे.

सहभागींकडूनही काही अपेक्षा आहे. कृपया पैसे भरण्याआधी वरचे प्रश्न विचारा, आणि उत्तर 'काळजी करू नका, आमचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे' असे आले तर पुन्हा विचारा. आपल्या गटात काका-काकू, आई-बाबा असतील तर त्यांच्या 'मला काही होत नाही' यावर विसंबू नका. दर तासाला थांबून, त्यांच्याकडे पाहून, त्यांच्याशी बोलून खात्री करा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगूनच सल्ला घ्या. नुसते 'मनालीला जातोय' म्हटले तर डॉक्टरांना चौदा हजार फूट कळणार नाहीत.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. उन्हाळी सुट्टीच्या पुरवण्यांमध्ये सहलींची माहिती आणि जाहिराती छापल्या जातात. त्यांत प्रत्येक तलावाच्या नावापुढे त्याची उंची आणि सहलीच्या कितव्या दिवशी तेथे नेणार, एवढे दोन आकडे छापण्याचा आग्रह आपण संयोजकांकडे धरावा. खर्च आणि दिवस छापले जातात, तेथेच हे दोन आकडेही मावतील. येत्या हंगामाच्या पहिल्या पुरवणीपासून हे सुरू झाले, तर नोंदणी करण्यापूर्वी घराघरांत याविषयी चार प्रश्न विचारले जातील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक गिरिभ्रमणप्रेमी वाचक, नाशिक